वाचक विचारतात : स्मार्टवॉच नसेल तर नेमकं काय अडेल?

मागच्या अंकात आपण एक साधा प्रश्न टाकला होता, उद्या हातातलं स्मार्टवॉच बंद पडलं तर सगळ्यात आधी कशाची आठवण येईल. उत्तरं तर आलीच पण त्यांच्या मागोमाग उलटे प्रश्नच जास्त आले. आणि गंमत बघा, जाहिरातीत जे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं त्याबद्दल फार कमी जणांनी लिहिलंय. त्यातले काही प्रश्न या वेळी घेतोय, काहींना भरपूर जागा दिलीय, काहींना दोन ओळींत उरकलंय, रागावू नका.

प्रश्न : माझं वॉच बंद पडलं, बॅटरीच गेली. घरचे म्हणतात आता साधं घड्याळ घाल, वेळच तर बघायचीय. मला पटत नाहीये पण उलट बोलायला मुद्दाही नाहीये, कारण त्यात एवढं काय काय होतं आणि मी त्यातलं काय वापरत होते तेच धड सांगता येत नाही. नवीन घ्यायचं का, आणि घेतलं तर कशासाठी?

उत्तर : लगेच घेऊ नका. थोडे दिवस मनगट रिकामं ठेवा. सुरुवातीला सारखा हात वर जाईल आणि तुम्ही रिकाम्या मनगटाकडे बघाल, ते मोजू नका, ती नुसती सवय आहे आणि ती मोडते. मोजायचं ते वेगळं, कुठलं काम खरंच अडलं. फोन बॅगेत सायलेंटवर होता आणि महत्त्वाचा कॉल हुकला, हे अडणं. आज किती पावलं झाली ते कळलं नाही, याने तुमचं काय अडलं ते तुम्हीच ठरवा.

माझा अंदाज विचाराल तर पहिला नंबर मनगटावरच्या व्हायब्रेशनचा लागेल. लोक त्याला फीचर म्हणतच नाहीत, पण तेच गेलं की सगळ्यात जास्त जाणवतं. स्वस्तातल्या बँडमध्ये बहुतेक वेळा छोटी मोटर असते, तिच्या दांड्यावर एका बाजूला वजन बसवलेलं, ती फिरली की घरघर होते. चांगल्या वॉचमध्ये मोटर गोल फिरत नाही, चुंबक आणि कॉइलच्या जोरावर एक वजन सरळ रेषेत मागेपुढे हलतं, ते पटकन सुरू होतं आणि पटकन थांबतं, त्यामुळे घरघर न होता कुणी हलकेच बोट लावावं तसं वाटतं. आवाज जवळपास नाहीच. मीटिंगमध्ये, लायब्ररीत, बाळ झोपलेलं असताना तुमच्याशिवाय कुणालाच कळत नाही. सकाळचा अलार्म पण असाच, शेजारी झोपलेल्या माणसाची झोप न मोडता फक्त तुम्हाला उठवतो. ज्यांना पहाटे शिफ्टला जायचं असतं त्यांना विचारा याची किंमत.

दुसरं म्हणजे फोन न काढता कळणं, की कोणाचा कॉल आहे आणि आत्ता घ्यायचा की नंतर. हे वाचताना क्षुल्लक वाटतं पण फोन हातात घेतला की माणूस एक मेसेज बघून थांबत नाही, हे आपल्याला सगळ्यांना माहितीये. तिसरा टायमर. शेगडीवर काही ठेवलंय, मशीनमध्ये कपडे आहेत, औषध दोन तासांनी घ्यायचंय, हात ओले असले तरी मनगटावर टिचकी मारून किंवा बोलून लावता येतो आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात तरी तो तुमच्यासोबत येतो. फोनचा टायमर ओट्यावर वाजत बसतो.

आता यातलं बहुतेक सगळं साधा फिटनेस बँड पण करतो, हे घरच्यांना सांगू नका हवं तर. पण खरं आहे. २०१२ मध्ये पेबल नावाच्या वॉचसाठी किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या वेबसाइटवर, कंपनीने १ लाख डॉलर मागितले होते आणि लोकांनी १ कोटीच्या वर दिले. त्या पहिल्या मॉडेलमध्ये हार्ट रेट नव्हता, टच नव्हता, स्क्रीन काळी-पांढरी, पण नोटिफिकेशन यायचं, मनगट थरथरायचं, गाणी बदलता यायची आणि बॅटरी आठवडाभर जायची. २०१६ मध्ये कंपनी बंद झाली, तिचा बराचसा भाग फिटबिटने घेतला, पुढे फिटबिट गूगलकडे गेली, तरी वापरणाऱ्यांनी ते घड्याळ सोडलं नाही. रीबल नावाने स्वतःच सर्व्हिस उभी करून ती चालू ठेवली. २०२५ मध्ये गूगलने त्याचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं आणि पेबल काढणाऱ्या मूळ माणसाने पुन्हा तसलीच घड्याळं काढायला घेतली. लोक काय मिस करतात याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे तरी नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

तर घ्यायचं असेल तर दुकानात आधी व्हायब्रेशन हातावर घेऊन बघा, मग बाकीचं.

प्रश्न : दादा, मी वॉच घेतलंय ते फक्त फोन शोधायला असं सगळे हसतात, आणि खरं सांगायचं तर हसण्यात चूक काही नाही. पण कधीकधी नेमकं गरज असते तेव्हाच ते बटण चालत नाही, असं का?

उत्तर : हसू द्या. मला वाटतं व्हायब्रेशननंतर हेच फीचर लोक सगळ्यात जास्त वापरतात आणि सगळ्यात कमी कबूल करतात. फोन सायलेंटवर असला तरी वाजतो, म्हणून तर याचा उपयोग, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून रिंग देऊनही भागलं असतं.

न चालण्याची कारणं दोन. एक तर अंतर. वॉच आणि फोन ब्लूटूथने जोडलेले असतात आणि घरात ती रेंज साधारण १० मीटर धरा, मध्ये जाड भिंती आल्या की त्याहून कमी. त्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, त्यामुळे गादी-उशांच्या ढिगाखाली फोन आहे आणि त्यावर कुणीतरी झोपलंय अशा वेळी पण कनेक्शन तुटू शकतं. काही वॉच एकाच वायफायवर असले तरी फोन वाजवतात, तुमचं तसं आहे का ते सेटिंगमध्ये बघा. दुसरं कारण जास्त कॉमन आहे, अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायच्या नादात वॉचचं ॲप मागच्या मागे बंद करून टाकतो. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करा आणि बॅकग्राउंडला चालू द्या. निम्म्या तक्रारी इथेच संपतात, नोटिफिकेशन उशिरा येण्याची पण.

ॲपल वॉच असेल तर ते बटण नुसतं दाबू नका, दाबून धरा, फोनचा फ्लॅश पण चमकतो. अंधारात बेडखाली गेलेला फोन त्याने लगेच दिसतो.

प्रश्न : मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. वॉच नसेल तर काय मिस कराल हे तुम्ही गमतीने विचारलंत, माझ्यासाठी ती गंमत नाही. एक दिवस वॉच बंद होतं तर अलार्म, दारावरची बेल, फोन, काहीच कळलं नाही. आता बदलायचंय तर काय बघून घेऊ?

उत्तर : बरं झालं लिहिलंत, या विषयात तुमचं पत्र सगळ्यात आधी यायला हवं होतं.

व्हायब्रेशनचा जोर कमीजास्त करता येतो का ते पहिलं बघा, नुसतं चालू-बंद असेल तर घेऊ नका. कॉलसाठी एक पॅटर्न, मेसेजसाठी दुसरा असं वेगळं ठेवता आलं तर उत्तमच, मग स्क्रीन न बघता कळतं. मग घरातले आवाज. २०२० पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे अशी सोय आहे की फोन सभोवतालचे आवाज ऐकतो, बेल, बाळाचं रडणं, स्मोक अलार्म असं काही ओळखलं की नोटिफिकेशन देतो आणि ते मनगटावर येऊ शकतं. ही सोय आपोआप चालू नसते, फोनच्या सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन चालू करावी लागते. आणि आगीच्या अलार्मसाठी मात्र यावर एकट्यावर विसंबू नका, ॲपल स्वतः तसं बजावते. त्यासाठी झगझगीत लाइट आणि उशीखाली थरथरणारं यंत्र असलेला वेगळा अलार्म मिळतो तो लावाच.

चार्जिंगची वेळ तुमच्या बाबतीत फार महत्त्वाची. बरेच लोक रात्री झोपताना वॉच चार्जिंगला लावतात, म्हणजे नेमकं अलार्मच्या वेळी ते हातावर नाही! तुम्ही संध्याकाळी अंघोळीला जाताना किंवा टीव्ही बघताना लावा. फोनचं डू नॉट डिस्टर्ब वॉचला पण लागू होतं का ते एकदा तपासा, बऱ्याच वॉचमध्ये ते जोडलेलं असतं आणि फोन शांत केला की मनगट पण शांत होतं. पट्टा सैल नको.

जाता जाता, डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांसाठी पण याच धर्तीवर एक छान सोय आहे, २०१९ पासून ॲपल वॉच नुसत्या टकटकीने किती वाजले ते सांगू शकतं, तासांच्या टकटकी वेगळ्या, मिनिटांच्या वेगळ्या. अंधाऱ्या सभागृहात घड्याळात बघणं बरं दिसत नाही तेव्हा धडधाकट डोळ्यांच्या माणसालाही उपयोगी पडते.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. वॉच घरी विसरलं की चालायचाच मूड जातो, वाटतं हे मोजलंच जाणार नाही तर चालू कशाला. १०,००० पावलांची स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची साखळी, तुटली की दिवस खराब. हे नॉर्मल आहे का?

उत्तर : नॉर्मल आहे, तुझ्यासारखी बरीच पत्रं आलीयत. पण तो १०,००० चा आकडा कुठल्या डॉक्टरने अभ्यास करून काढलेला नाही हे तुला कुणी सांगितलंय का? १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच १०,००० पावलं होती, आणि आकडा गोल आणि लक्षात राहणारा म्हणून जगभर चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क बायकांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२, त्यात दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास पुढचा फायदा सपाट झाला. तू ७२ ची नाहीस हे मान्य, म्हणून हे आकडे तुला जसेच्या तसे लागू नाहीत, पण ९,८०० ला दिवस वाया आणि १०,००० ला सार्थक असं काही शरीरात घडत नाही एवढं नक्की.

शिवाय वॉच पावलं बघत नाही, हाताचं हलणं बघतं. ट्रॉली ढकलत चाललीस किंवा हात खिशात घालून चाललीस तर कमी मोजेल, टाळ्या वाजवल्यास तर काही घड्याळं त्याचीही पावलं करतात. विसरलीस तर फोन खिशात असतोच की, तो पण मोजतो. आणि ॲपलने २०२४ च्या अपडेटमध्ये स्ट्रीक न तोडता रिंगला, म्हणजे दिवसभराच्या हालचालीचं लक्ष्य दाखवणाऱ्या वर्तुळाला, सुट्टी द्यायची सोय दिलीय, आजारपणासाठी म्हणून, पण घरी विसरलेल्या वॉचसाठी वापरलीस तर कोण विचारायला येतंय.

प्रश्न : स्लीप स्कोअर सकाळी कमी दिसला की मला थकल्यासारखं वाटतं, त्याआधी फ्रेश असतो. वॉच काढून झोपू का?

उत्तर : हो, काढून झोपा. झोपेचे टप्पे नीट बघायचे तर लॅबमध्ये मेंदूच्या लहरी, डोळ्यांची आणि स्नायूंची हालचाल मोजतात, वॉचकडे यातलं काही नाही, ते हाताची हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात एवढं बऱ्यापैकी सांगतं, पण नुसतं न हलता जागे पडून राहिलात तर त्याला ती झोपच वाटू शकते. रात्री श्वास अडकत असेल किंवा दिवसा डुलक्या येत असतील तर मात्र स्कोअर सोडा आणि डॉक्टरांकडे जा. नाहीतर हे फीचर गेल्याचं तुम्हाला आठवणारही नाही.

प्रश्न : ऑक्सिजन, ईसीजी, स्ट्रेस, आता म्हणे शुगर पण. ही हेल्थ फीचर खरंच लागतात की नुसता दिखावा? माझ्या वॉचमधून उद्या ती काढून टाकली तर?

उत्तर : काढून टाकल्याचं उदाहरण घडलेलंच आहे. मासिमो नावाच्या कंपनीबरोबरच्या पेटंटच्या भांडणात ॲपल हरली आणि जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या वॉचमध्ये रक्तातल्या ऑक्सिजनचं फीचर बंद करावं लागलं. सेन्सर आत तसाच, फक्त सॉफ्टवेअरने गप्प केलेला. ऑगस्ट २०२५ मध्ये ते वेगळ्या पद्धतीने परत आलं, मोजमाप वॉचमध्ये आणि हिशेब फोनमध्ये. मधल्या दीडेक वर्षात ते नसतानाही लोक वॉच घेत होतेच.

प्रत्येकाचा हिशेब वेगळा धरायला हवा. हार्ट रेट रोजच्या वापराचा आहे, मागचा हिरवा लाइट रक्तात शोषला जातो आणि प्रत्येक ठोक्याला रक्त कमीजास्त होतं तसं परत येणारा लाइट बदलतो, त्यावरून मोजतात. पळताना बऱ्यापैकी बरोबर, पण पट्टा सैल असेल, हात गार पडलेले असतील किंवा त्याच जागी गडद टॅटू असेल तर गडबड. ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड लाइट लागतो, बोटाच्या क्लिपमध्ये तो आरपार जातो, मनगटावर मात्र परत उसळून आलेला वाचावा लागतो, म्हणून हलू नका, हात टेकवा अशा अटी.

ईसीजी आणि अनियमित ठोक्यांची सूचना ही वेगळ्या जातीची फीचर आहेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या, ॲपल वॉचवरच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांवर लोक होते आणि ठोके अनियमित असल्याची सूचना त्यातल्या फक्त ०.५२ टक्क्यांना आली. म्हणजे बहुतेकांना हे फीचर आहे हेही कळणार नाही, कधी काही बोलतच नाही ते. पण ज्याला ती सूचना आली आणि तपासणीत खरंच निघालं, त्याला विचारा दिखावा आहे का. दोन गोष्टी मात्र घट्ट लक्षात ठेवा. वॉच हार्ट अटॅक ओळखत नाही, छातीत दुखतंय आणि वॉच म्हणतंय सगळं ठीक, तर वॉचचं ऐकायचं नाही. आणि शुगर, सुई न टोचता नुसत्या घड्याळाने रक्तातली साखर मोजायचा दावा कुणी केला तर घेऊ नका, औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. त्या आकड्यावरून कुणी इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल.

स्ट्रेसचा आकडा? मला विचाराल तर तो नसला की स्ट्रेस कमी होतो.

प्रश्न : बाबा एकटे राहतात. फॉल डिटेक्शनसाठी मी त्यांना वॉच दिलं, ते ड्रॉवरमध्ये पडलंय. म्हणतात मी काय पडतोय का. काय करू?

उत्तर : त्यांना पडण्याबद्दल सांगूच नका, कुणालाच आवडत नाही. नातवंडांचे फोटो घड्याळाच्या स्क्रीनवर लावून द्या, कॉल मनगटावरून घेता येतो ते दाखवा, फोन शोधायचं बटण दाखवा. घालायची सवय त्याने लागेल, फॉल डिटेक्शन मागे गुपचूप चालू राहील. म्हणजे चालू आहे ना ते बघा! ॲपल वॉचमध्ये वय ५५ किंवा जास्त टाकलेलं असेल तर ते आपोआप चालू होतं, त्यामुळे सेटअप करताना घाईत तुमची जन्मतारीख टाकली असेल तर बदला. बाकीच्या कंपन्यांत हाताने चालू करावं लागू शकतं.

जोरात पडल्याचं वॉचला जाणवलं की ते आधी विचारतं, आणि हालचाल दिसली नाही तर थोड्या वेळाने स्वतः इमर्जन्सी कॉल लावतं आणि तुम्हाला मेसेज जातो. पण कॉल लागायला फोन जवळ हवा नाहीतर सिमवालं वॉच हवं, फोन एका टोकाला आणि बाबा दुसऱ्या टोकाला असतील तर उपयोग नाही. भिंतीला धरत हळूच खाली बसले, चक्कर येऊन खुर्चीतून घसरले, अशा पडण्यात ते चुकू शकतं. आणि बाथरूममध्ये वॉच काढून जायचं नाही हे मात्र त्यांना पटवाच, ओल्या फरशीवरच पाय घसरतो. पाणी चालणारं मॉडेल घ्या, आणि चार्जिंगची वेळ अशी ठरवा की बाबा त्या वेळी खुर्चीत बसलेले असतील.

प्रश्न : टॉर्च, कॅमेऱ्याचं रिमोट, गाणी बदलणं, सतत चालू राहणारी स्क्रीन, यातलं काय नसलं तर चालेल?

उत्तर : टॉर्च राहू द्या, रात्री उठल्यावर कुणाला जागं न करता पाणी प्यायला जायला तेवढाच उजेड पुरतो. कॅमेऱ्याचं रिमोट ग्रुप फोटोपुरतं, पण तेव्हा फोटो काढणारा पण फोटोत येतो म्हणून ठेवा. गाणी बदलणं व्यायाम करणाऱ्यांना लागतंच, बाकीच्यांना इअरफोनवर टिचकी पुरे. सतत चालू स्क्रीन बॅटरी खाते, पण दोन्ही हातात सामान असताना मनगट झटकून वेळ बघायचा प्रयत्न केलाय ना कधी, मग तुम्हाला तिची किंमत कळेल. मी ती चालू ठेवतो आणि घड्याळाचा चेहरा काळा, आकडे बारीक ठेवतो, ओएलईडी स्क्रीनवर काळा भाग उजळतच नाही त्यामुळे तेवढी बॅटरी वाचते.

प्रश्न : ५० मीटर वॉटरप्रूफ लिहिलंय, तरी पोहून आल्यावर स्पीकर घोगरा झाला. घड्याळ गेलं का?

उत्तर : बहुतेक नाही, स्पीकरच्या जाळीत पाणी अडकलंय. पाणी बाहेर फेकायचं फीचर असेल तर दोनतीनदा चालवा, नसेल तर जाळी खाली करून मऊ कापडावर ठेवा. हेअर ड्रायर लावू नका, गरम हवेने आतले सील खराब होतात. ५० मीटर हा स्थिर पाण्याच्या दाबाचा आकडा आहे, तेवढं खोल जायची परवानगी नाही, आणि साबण, शॅम्पू, गरम वाफ यांनी सील हळूहळू ढिले पडतात. दोन दिवसांत आवाज सुधारला नाही तर सर्व्हिस सेंटरला दाखवा.